अटलांटिकचा हात

धानोरा, जि. गडचिरोली
३० जून २०२४

बाईंना साष्टांग नमस्कार.

मी रितिका. सातवी ब, खिडकीजवळचा बाक, तोंड कधी बंद नाही. ओळखलंत का? नाही ओळखलंत तरी राग नाही, अर्ध्या नागपूरच्या पोरी तुमच्या हाताखालून गेल्या असतील.

आपल्या वर्गातल्या नूपुरकडून कळलं की मार्चमध्ये तुमच्या मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय वाचले हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. पण बोलताना शब्द सापडत नाहीत म्हणून तुम्ही कोणाचा फोनच घेत नाही, असंही ती म्हणाली. माझ्याकडे रेंज नाही, तुम्हाला फोन नको, म्हणून म्हटलं पत्र लिहावं.

बाई, मी आता इथल्या आश्रमशाळेत भूगोल शिकवते. हसू नका. यंदा सातवीच्या पोरींना मी आफ्रिका शिकवणार आहे, पुस्तकात असो की नसो. तुम्ही शिकवली तशी. तुम्ही कधी नावं पाठ करायला लावली नाहीत, नुसतं प्रवासाला पाठवायच्या. मला एकदा डाकारहून नैरोबीला पाठवलं होतं आणि मी काँगोच्या जंगलात अडकली. तेवढ्यात घंटा झाली. तुम्ही म्हणालात, "रात्र तिथेच काढ, उद्या बाहेर काढू." मी घरी जाऊन आईला सांगितलं की मी काँगोत आहे, जेवायला वाढू नको.

आणि तुमचं ते उभं राहणं! वर्गाकडे पाठ करायची नाही हा तुमचा नेम. नकाशा तुमच्या मागे, तोंड आमच्याकडे, दोन्ही हात पसरलेले. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला हिंदी महासागर. मागे न बघता बोट बरोबर त्या गावावर पडायचं. आम्ही पैजा लावायचो, एकदाही चुकल्या नाहीत तुम्ही. तसं मला कधी जमणार?

सुरुवात कुठून करू, तेवढं कळवा.

तुमची
रितिका

•

लक्ष्मीनगर, नागपूर
१२ जुलै २०२४

चि. रितिकास आशीर्वाद.

ओळखलं. तुझी ओळ अजूनही कागदावर डोंगर चढते. पट्टी ठेवून लिहीत जा.

डॉक्टर म्हणतात रोज हाताने लिहा, म्हणून हे पत्र. माझी अवस्था ऐक. नावं पळून गेली आहेत. परवा रुख्मिणीला (ती स्वयंपाकाला येते, तिखट आहे पण माझ्यावर जीव आहे) म्हणायचं होतं, झारा दे. तोंडातून निघालं, खिडकी दे. ती म्हणते, "बाई, खिडकी कशी काढून देऊ वं?" दोघी हसलो. मग मी आत जाऊन रडले.

आफ्रिका तर पूर्ण गेली. ती लांब नदी, ते मोठं वाळवंट, तो बर्फाचा डोंगर. चित्र दिसतं, नाव येत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे डावं-उजवं गेलं. कोणी म्हणालं डावीकडे वळा, तर मी दोन्ही हात बघत बसते.

मे महिन्यात सांबार (मुंबई-पुण्याची कोथिंबीर) आणायला एकटी निघाले. आपला आठ रस्ता चौक तुला आठवतो ना? पन्नास वर्षं रोज ओलांडला तो चौक मी. सांबाराची जुडी हातात आणि आठ रस्ते समोर, सगळे सारखे. कुठल्या रस्त्याला माझं घर, कळेना. शेवटी भाजीवाल्याने हात धरून घरी आणलं. "नकाशा येणारा माणूस हरवत नाही" असं तुम्हाला सांगणारी बाई मी! लाज वाटली ग.

विहंग पुण्याहून धावत आला. माझा मुलगा गुणी आहे, पण घाबरट. म्हणाला, "घर बंद करू, माझ्याकडे चल." मी भांडले. शेवटी ठरलं की दिवाळीला तो येईल. तोवर मी एकटी पोस्टात जाऊन एकटी परत येऊ शकले, तर तो पुण्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर मी मुकाट्याने जाईन.

मला जायचं नाही, रितिका. इथे पानठेलेवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे मला बाई म्हणतात. तिथे मी अकराव्या मजल्यावरची म्हातारी होईन.

तू विचारतेस सुरुवात कुठून करू. माझ्यापासून कर. मला आफ्रिका शिकव. ती परत आली तर चौकही परत येईल असं मला वाटतं.

चारुशीला बाई

•

धानोरा
२५ जुलै २०२४

बाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडली, मग पट्टी शोधली. बघा, ओळ सरळ आहे.

सोबत आफ्रिकेचा कोरा आराखडा पाठवते. एकही नाव घातलेलं नाही, तुमचाच कायदा. निघा आता. सामान कमी घ्या, डोक्याला पांढरं फडकं बांधा.

वरच्या समुद्रापासून सुरुवात. नदीच्या पंखासारख्या मुखाशी होडीत बसायचं आणि उलट्या दिशेने जायचं. ही नदी नकाशात खालून वर वाहते, बिचकायचं नाही. दोन्ही काठांना पिवळा रंग भरा, मधोमध हिरवी रेघ. माणसं फक्त त्या हिरव्या रेघेत का राहतात, ते मला लिहा. पुढे दोन नद्या भेटतील. एक पांढरी म्हणवते, एक निळी. तिथे एक शहर आहे, तिथे मुक्काम. मग पांढरीने पुढे जा, मोठं तळं लागेल. त्या तळ्यातून एक महत्त्वाची रेघ जाते, जी जमिनीवर कोणाला दिसत नाही. ती लाल पेन्सिलीने ओढा.

नदीवर दोरा ठेवून लांबी मोजा आणि खालच्या प्रमाणपट्टीवर लावा. नावं आठवली तर लिहा. नाही आठवली तर जागा रिकामी ठेवून पुढे चला. "थांबू नका ग पोरींनो, मागून उंट येतायत." हे कोणाचं वाक्य?

माझ्या सातवीच्या पोरीपण याच होडीत आहेत. तुम्ही त्यांच्या पुढे राहा म्हणजे झालं.

रितिका

•

लक्ष्मीनगर
१४ ऑगस्ट २०२४

चि. रितिका,

नाईल! नाईल, नाईल, नाईल. पाटावर बसून पिवळा रंग भरत होते आणि भरता भरता तोंडातून नाव निघालं. रुख्मिणी कणीक सोडून धावत आली. मग दोन नद्यांपाशी खार्टूम आलं. तळ्यापाशी व्हिक्टोरिया आलं. लाल रेघ ओढली, विषुववृत्त. हा शब्द मी पाच महिन्यांत उच्चारला नव्हता. लोक हिरव्या रेघेत का राहतात म्हणे! अगं, पाणी तिथे आहे म्हणून. परीक्षा माझी घेते आहेस की तुझी?

मग मला चेव आला. उष्ण वाळवंट, काँगोचं रान, दक्षिणेचं टोक, सगळं भरलं. लाल रेघेवरून बोट पश्चिमेला नेत नेत समुद्रात गेले आणि शून्य रेखांशापाशी थांबले. घानाच्या खाली, नुसत्या पाण्यात. आपण नागपूरकर झीरो माइलच्या दगडाचा केवढा तोरा मिरवतो, आणि खरा शून्य तिथे आहे जिथे दगडसुद्धा रोवता येत नाही! हे मी दरवर्षी तुम्हाला सांगायचे ना? आठवलं मला.

रुख्मिणीने डाव्या-उजव्यासाठी मनगटाला लाल धागा बांधून दिला. पण चौकापर्यंत जाईतो धागा डावा की उजवा तेच विसरले. ती म्हणते, "बाई, तुमाले सांगून सांगून मलेच उजवं कळेनासं झालं."

काल तर कमाल केली. कोरा कागद घेतला आणि काही न बघता अख्खी आफ्रिका काढली. हात थांबला नाही कुठे. सोबत पाठवते आहे. रुख्मिणीच्या मोबाईलवरून विहंगलाही फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला. म्हणाला, "छान आहे, आई." गळा भरून आला होता त्याचा. मुलाला आईचा अभिमान वाटला की कसं भरून पावतं, ते तुला पुढे कळेल.

बाई

•

धानोरा
२ सप्टेंबर २०२४

बाई,

नकाशा मिळाला. खूपच छान. रंग सुंदर भरलेत. आज पोळा, शाळेला सुट्टी, पोरी बैलांना झुली घालून राहिल्या आहेत. पुढचा आराखडा सवडीने पाठवते. औषधं वेळेवर घ्या.

रितिका

•

लक्ष्मीनगर
११ सप्टेंबर २०२४

रितिका,

खोटं बोलताना तुझं पत्र आखूड होतं. सातवीतही तसंच व्हायचं, गृहपाठ केला नसला की तू शहाण्यासारखी गप्प बसायचीस.

पत्र वाचल्यावर मी ॲटलास काढला आणि रुख्मिणीच्या मोबाईलमधल्या माझ्या नकाशाच्या फोटोशेजारी ठेवला. माझी आफ्रिका उलटी आहे. पश्चिमेचा तो मोठा फुगवटा भलत्या बाजूला, पूर्वेचं शिंग भलत्या बाजूला. आरशात बघावी तशी. विहंगचा गळा काहून भरून आला होता, ते आता कळलं.

तू सांगितलं नाहीस म्हणून रागावले नाही. मीही सांगितलं नसतं.

नावं येऊन काय करायचं ग, बाजूच उलटी असेल तर? असं डोकं घेऊन चौकात गेले तर वाडीच्या रस्त्याला लागेन आणि ट्रकखाली येईन. विहंग बरोबर बोलतो. मी त्याला काल हो म्हटलं. दिवाळीनंतर सामान हलेल. तो फोनवर किती गोड बोलला, त्यानेच जास्त वाईट वाटलं.

ॲटलास तुला पार्सल करते आहे. पुण्यात तो कपाटावर पडून राहील, तुझ्या पोरींच्या कामाला येईल. पानं फाडू देऊ नकोस.

चारुशीला

•

धानोरा
२४ सप्टेंबर २०२४

बाई,

थांबा. विहंगदादांना सांगा थांबायला. सामानाच्या ट्रकवाल्याला सांगा थांबायला. मी हे पत्र धावत पळत लिहून राहिली आहे, ओळ डोंगर चढली तरी चालवून घ्या.

काल तास चालू होता. मागे भिंतीवर आफ्रिका, समोर पोरी. माया नावाची एक आहे, माझ्यासारखीच बडबडी. तिने विचारलं, "मॅडम, घाना कुठी आहे?" मी दुसरीची वही तपासत होती. न वळता, न बघता हात मागे नेला आणि म्हटलं, "हे इथे." सगळा वर्ग ओरडला, "बरोब्बर!" मी वळून पाहिलं. बोट घानावर. आणि बाई, हात कोणता होता माहीत आहे? उजवा.

नकाशाकडे तोंड केलं तर पश्चिम डाव्या हाताला येते. पण पाठ केली तर? उजव्या हाताला! तुम्ही सगळा जन्म नकाशाकडे पाठ करून शिकवलंत. आम्ही बघायचो ती आफ्रिका वेगळी आणि तुमच्या अंगात आहे ती वेगळी. तुमची आफ्रिका तुमच्या पाठीमागे आहे, बाई. तुम्ही कागदावर तीच काढली. तुमचा फुगवटा तुमच्या उजव्या हाताला आणि तुमचं शिंग डाव्या हाताला, कायमचं. त्यात रोग कुठला? ते तर तुमचं शिकवणं आहे. गुठळी झाली तरी ते गेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी वर्गातच नाचली. पोरींना वाटलं साप निघाला.

आता मी सांगते ते करा. आज मी बाई आणि तुम्ही सातवी ब. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. डोळे मिटा. समोर आम्ही बसलो आहोत असं समजा. रुख्मिणीबाईंना म्हणावं, नुसतं नाव घ्या. सेनेगल! सोमालिया! घाना! मोझांबिक! तुमचा कोणता हात उठतो ते त्या बघतील. विचार करायचा नाही, हाताला ठरवू द्यायचं.

हात बरोबर उठला, तर डावं-उजवं खड्ड्यात जाऊ द्या. तुम्हाला ते लागतच नाही. तुम्हाला हिंदी महासागराचा हात आहे आणि अटलांटिकचा हात आहे. काल टेकडीवर चढून रेंज मिळवली, नूपुरला फोन करून चौकात पाठवलं आणि रस्ता बघून घेतला. गल्लीतून चौकात आलात की वर्गासमोर उभ्या राहता तशा उभ्या राहा. पोस्टात जाताना हिंदी महासागराच्या हाताची पहिली वाट सोडून दुसरी. घरी येताना अटलांटिकच्या हाताची पहिली सोडून दुसरी. बस.

ॲटलास परत पाठवते. तो इथे राहणार नाही आणि पुण्यालाही जाणार नाही. पोरींनी जुन्या चादरीवर तुमच्यासाठी मोठी आफ्रिका काढली आहे, तीपण सोबत आहे. मादागास्कर थोडा मोठा झाला, मायाने काढला.

तुमची
रितिका

•

लक्ष्मीनगर
९ ऑक्टोबर २०२४

चि. रितिका,

भिंतीला पाठ लावली. रुख्मिणीला नावं नीट वाचता येईनात, म्हणून ॲटलास समोर धरून ती आपल्या उच्चाराने एकेक म्हणत गेली, "शेनेगाल, सोमाल्या, गाना." मी डोळे मिटून हात उचलत गेले. एकदाही चुकला नाही. तिने मुद्दाम उलटसुलट विचारलं, तरी नाही. शेवटी ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "हात तर सगळं जाणून राहिले, बाई."

मी काय लिहू? मी तुम्हाला शिकवत होते तेव्हा मला वाटायचं, ह्या पोरी खिडकीतून बाहेर बघतात. तू तर माझे हात बघत होतीस.

गल्लीत रोज सराव चालू आहे. रुख्मिणी मागे राहते, मी पुढे. एकदा मी घाबरून मागे वळून बघितलं तर सगळं फिसकटलं. म्हणून आता वळायचं नाही असा नेम केला आहे. विहंगला काही सांगितलेलं नाही. त्याने ट्रकवाला ठरवून ठेवला आहे, ठरवू दे.

बाई

•

पोस्टकार्ड
३० ऑक्टोबर २०२४

चि. रितिका, हे कार्ड पोस्टाच्या बाकावर बसून लिहिते आहे. विहंगला आमची जुनी अट आठवून दिली आणि मी एकटी आले. हिंदी महासागराने इथवर पोचवलं. विहंग मागून लपत लपत येतो आहे, त्याला वाटतं मला दिसला नाही. आता अटलांटिक. — बाई

•

लक्ष्मीनगर
५ नोव्हेंबर २०२४

चि. रितिकास अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या गडबडीत पत्राला उशीर झाला. कार्ड मिळालं असेल आणि तुझा जीव टांगणीला लागला असेल, मला माहीत आहे. बाईंना छळायचीस ना, घे आता.

पोस्टातून निघाले. चौकाशी आले तर दिवाळीचा बाजार, पणत्या, झेंडू, गाड्यांची झुंबड. आठ रस्ते होते की अठरा, कळेना. पुन्हा मे महिना. एक क्षण वाटलं, मागे वळावं आणि विहंगला हाक मारावी. मग तुझं पत्र आठवलं. मी फुटपाथच्या कडेला उभी राहिले, समोरच्या पणतीवालीला सातवी ब समजले आणि दोन्ही हात पसरले. एक ऑटोवाला कचकन थांबला. "माय, कोणाले थांबवून राहिली?" म्हटलं, "कोणाला नाही रे, सेनेगल शोधून राहिले." तो असा पळाला की विचारू नकोस.

हात उठला. माझा अटलांटिकचा हात. पहिली वाट सोडली, दुसरी धरली. थोडं चालल्यावर आपल्या गल्लीतलं कडुलिंबाचं झाड दिसलं. रितिका, त्या झाडाला मी मिठी मारली. रुख्मिणी फाटकात उभी होती. ती सरळ आत गेली आणि चहा ठेवला.

चहा पिऊन झाला तरी विहंगचा पत्ता नाही. मग आला, घामाने निथळत, चेहरा पांढराफटक. मला बघून दारातच बसला. म्हणाला, "आई, तू कुठे होतीस?"

"घरी," मी म्हटलं. "तू कुठे गेला होतास?"

ऐक काय झालं ते. तो उसाच्या रसाच्या गाडीमागे लपला, मध्ये सिटी बस आली आणि मी दिसेनाशी झाले. घाबरून तो भलत्याच रस्त्याने धावत सुटला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ज्या चौकात सायकल शिकला, त्या चौकात माझा इंजिनीअर मुलगा हरवला! मी हसले नाही हो. फक्त एवढंच म्हटलं, "अरे, हात पसरायचे होते."

तो हसायला गेला आणि रडलाच. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला, लहानपणी पडायचा तसा. "मला वाटलं, मी तुला घालवली," म्हणाला. पुण्याची गोष्ट त्याने काढली नाही, मीही काढली नाही. संध्याकाळी ट्रकवाल्याला फोन करून नाही म्हणाला. मग हातोडी मागून घेतली, बैठकीच्या भिंतीत खिळे ठोकले आणि तुझ्या पोरींची चादर टांगली. मादागास्कर खरंच फार मोठा आहे. मायाला सांग, राहू दे तसाच.

काल विहंग गेला. जाताना दारातून दोन्ही हात पसरून त्याने विचारलं, "आई, पुणे कोणत्या हाताला?" म्हटलं, पुणे माझ्या नकाशात नाही.

शेजारच्या चार पोट्ट्या आजपासून भूगोलाला येऊन राहिल्या आहेत. समोर सतरंजीवर बसल्या आहेत, पाणी पिण्याचं निमित्त करून एकमेकींना चिमटे काढतायत. चादर माझ्या मागे आहे. मी वळून बघितलेलं नाही.

तुझी
बाई

पत्ता तोच.